शिपाई चकाकलाच पाहिजे!

खेळण्यातला शिपाई चकचकीत असावा की मंद रंगाचा, यावरून माणसं भांडू शकतात हे आमच्या बँकेत कोणालाही खरं वाटत नाही. पगारवाढीवरून भांडावं, बदलीवरून भांडावं, पंख्याखालच्या खुर्चीवरून तर भांडावंच; पण जेमतेम दोन इंचांच्या शिशाच्या शिपायाला वरून रोगण मारावं की मारू नये, एवढ्यावरून चाळिशी उलटलेले दोन संसारी गृहस्थ एकमेकांचे फोन घेईनासे होतात, हे ऐकून आमच्या हेडकॅशियरनी नोटा मोजायचं मशिन थांबवलं आणि खोटी नोट निघाल्यासारखं माझ्याकडे पाहिलं.

पण भांडण आहे. इंग्लंड-अमेरिकेत तर ते चांगलं मुरलेलं आहे. या छंदात दोन पंथ. एक आम्ही चकचकीतवाले. आमचा शिपाई म्हणजे लालभडक डगला, काळीकुळकुळीत टोपी, गालावर गुलाबी ठिपका, पायाखाली हिरवीगार पट्टी आणि या सगळ्यावर असं तकतकीत रोगण, की खोलीत ट्यूबलाइट लावली तर ती त्याच्या छातीत दिसावी. दुसरा पंथ मॅटवाल्यांचा. त्यांचा शिपाई मळका. बुटावर चिखल, गालावर दाढीचे खुंट, डोळ्यांखाली काळं, डगल्याच्या प्रत्येक चुणीत वेगळी सावली. त्याला ते खेळणं म्हणत नाहीत, 'लघुशिल्प' म्हणतात. आणि आमच्या शिपायाला म्हणतात 'पोरखेळ'.

हा लेख म्हणजे त्या शिवीला दिलेलं उत्तर आहे.

माझी बाजू अशी, की खेळण्यानं आपण खेळणं आहोत हे लपवू नये. अंगावरची चकाकी हे त्या शिपायानं स्वतःच स्टँपपेपरवर करून दिलेलं प्रतिज्ञापत्र आहे : 'मी खरा नाही. माझ्यापासून कोणाला इजा नाही. मला पाडलंत तर मी पुन्हा उभा राहीन.' खऱ्या शिपायाला यातलं एकही वाक्य लिहून देता येत नाही. म्हणूनच हा फरक चिखल फासून झाकणं मला पसंत नाही.

आता या क्षेत्रातली घराणी सांगतो. गाण्यात जशी ग्वाल्हेर, जयपूर, किराणा, तशी इथेही आहेत. आणि इथलेही शिष्य आपल्याच घराण्याची तारीफ करताना दुसऱ्याच्या घराण्याबद्दल खांदे उडवतात.

माझं घराणं लंडनचं. मूळ पुरुष विल्यम ब्रिटन, धाकटे. त्यांच्या आधी इंग्लंडच्या दुकानांत जर्मनीहून आलेल्या शिपायांचा सुकाळ होता. ते भरीव. भरीव म्हणजे जड आणि जड म्हणजे महाग. 1893 साली ब्रिटनसाहेबांनी एक युक्ती काढली. शिसं, कथील आणि अँटिमनी यांचा वितळलेला रस साच्यात ओतायचा आणि बाहेरची साल धरते न धरते तोच साचा उपडा करून आतला रस परत ओतून घ्यायचा. शिपाई तयार, आतून पोकळ! धातू वाचला, वजन घटलं, किंमत उतरली. आतून संपूर्ण पोकळ असूनही बाहेरून रुबाब कायम ठेवता येतो, हे कितीतरी मोठमोठ्या कचेऱ्यांच्या आधी या माणसानं प्रयोगानं सिद्ध केलं.

पहिला संच निघाला राणीच्या लाइफ गार्ड्सचा. शिपायाची उंची ठरली 54 मिलिमीटर. कारण त्या वेळच्या खेळण्यातल्या आगगाडीशेजारी तो शोभला पाहिजे. लाल खोका, आत आठ पायदळ किंवा पाच घोडेस्वार, किंमत एक शिलिंग. माल इतका खपला, की बाकीच्या कारखानदारांनी सरळ नकला पाडायला सुरुवात केली. मग कोर्टकचेरी झाली आणि शिपायाच्या पायाखाली हक्काच्या तारखेची कागदी चिठ्ठी चिकटवणं आलं. आजचे संग्राहक शिपाई हातात घेतला की आधी उलटा करतात ते त्या चिठ्ठीसाठी. आम्ही चेक उलटा करून पाठीमागची सही बघतो, त्यातलाच प्रकार.

रंगवायचं काम बहुतेक बायकांच्या हातात असे. डोळे म्हणजे दोन ठिपके, मिशी म्हणजे एक फटकारा. नगावर मोबदला, शिपायाच्या चेहऱ्यावर भाव काढत बसायला वेळ कोणाला? पण गंमत पाहा, त्या ठिपक्या-फटकाऱ्यांतून लक्षावधी चेहरे बाहेर पडले आणि त्यात क्रूर म्हणावा असा चेहरा मला अजून दिसलेला नाही. सगळे आपले रविवारी सकाळी अंघोळ करून उभे राहिल्यासारखे.

दुसरं घराणं पॅरिसचं, मिन्यो यांचं. दोनशे वर्षांची परंपरा सांगतात. इथला शिपाई भरीव. हातात घेतला की वजन कळतं. नेपोलियनच्या अमुक तुकडीच्या कॉलरचा रंग कोणता आणि तमुक तुकडीच्या बटणांची रांग किती, यात चूक म्हणून सापडायची नाही. हे आपलं जयपूर घराणं. अवघड, खानदानी, आणि ऐकणाऱ्यानं आधी हात धुऊन बसावं अशी अपेक्षा ठेवणारं.

तिसरं ड्रेस्डेनचं, हाइडे यांचं. हाइडेंचा शिपाई लढाई सोडून सगळं करतो. तंबू ठोकतो, चुलीवर हंडा चढवतो, गवतात लोळतो. एकाच धडावर वेगवेगळी डोकी बसवून ते वेगवेगळ्या देशांची सैन्यं उभी करत. इतिहासाच्या प्राध्यापकाला घाम फुटावा असा हा कारभार. पण सोमवारी कॅशला, मंगळवारी क्लियरिंगला आणि बुधवारी लॉकरला बसवला जाणारा माझ्यासारखा मनुष्य त्या धडाकडे सहानुभूतीनंच बघणार. 1945 च्या फेब्रुवारीत ड्रेस्डेनवर बॉम्ब पडले आणि खऱ्या युद्धानं हा खोट्या युद्धाचा कारखाना बेचिराख केला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तिन्हीत श्रेष्ठ कोण? मिन्योंना माझा दुरून नमस्कार. हाइडेंवर माझं प्रेम. पण घरात ठेवायचा शिपाई ब्रिटन्सचाच. मैफल कितीही मोठी असली तरी स्वयंपाकघरात माणूस भावगीतच गुणगुणतो.

यावर आमचे एक मॅटपंथी स्नेही मला म्हणाले, "अहो, पण तुमच्या त्या ब्रिटन्सच्या शिपायात वास्तव कुठे आहे? सैनिक असा दिसतो का?"

मी म्हटलं, "साहेब, तुमचा दिसतो का?"

"म्हणजे काय! बुटावरचा चिखलसुद्धा त्या रणभूमीवरच्या मातीच्या रंगाचा आहे."

"चिखल आहे, मान्य. पण त्याचा पाय शाबूत कसा? पोट फाटलेलं कुठे आहे? आईला हाक मारतोय तो कुठे आहे?"

तेव्हापासून ते फोन घेत नाहीत.

पण माझा मुद्दा त्यांनी सोडवलेला नाही. युद्धातलं जे कपाटात बघवतं तेवढंच वास्तव हे लोक घेतात. चिखल घेतात, घाम घेतात, हातावरची एक शोभिवंत पट्टी घेतात आणि बाकीचं गाळतात. म्हणजे जमेची बाजू दाखवायची आणि नावेची बाजू फाडून टाकायची. असा ताळेबंद आमच्या ऑडिटरपुढे ठेवला तर सस्पेंड व्हायची पाळी येईल. माझा चकचकीत शिपाई निदान ताळेबंद असल्याचा दावाच करत नाही.

खेळण्याला खरं मानायला लागलं की काय होतं, याचे दाखले इतिहासात आहेत. रशियाचा तिसरा पीटर हा माझ्या मते मॅटवाल्यांचा मूळ पुरुष. त्याच्या बायकोनं, म्हणजे पुढे सम्राज्ञी झालेल्या कॅथरीननं आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय, की त्याच्या खेळण्यातल्या किल्ल्यावर पहारा करणारे खळीचे दोन शिपाई एका उंदरानं खाल्ले. तर या गृहस्थानं उंदराला लष्करी कायद्याखाली दोषी ठरवून फाशी दिलं. खळीचा शिपाई उंदरानं खाणं ही माझ्या मते नैसर्गिक घटना आहे. पण शिपाई खरा मानला की पहारेकऱ्याची हत्या खरी होते आणि मग फासही खरा लागतो. कॅथरीननं पुढे 1762 साली नवऱ्याला गादीवरून खाली ओढलं. उंदराचा आत्मा शांत झाला असेल.

दुसरा दाखला हसण्यासारखा नाही. जर्मनीत एलास्टोलिन आणि लिनिऑल या नावांचे शिपाई निघत. ते शिशाचे नव्हेत. लाकडाचा भुसा आणि सरस यांचा लगदा तारेभोवती थापून केलेले. 1930 नंतरच्या दशकात त्यांच्या यादीत हिटलर आला. सलामीचा हात वर-खाली होणारा हिटलर, मुलांनी खेळायला. काही पुढाऱ्यांची डोकी तर पोर्सेलिनची, चेहरा हुबेहूब यावा म्हणून. आता सांगा, त्या वेळी जर्मनीतल्या पोरांच्या हातात गुलाबी गालांचा, ठिपक्याच्या डोळ्यांचा, कोणासारखाही न दिसणारा एखादा शिपाई असता तर काय बिघडलं असतं? हुबेहूब असणं हा काही खेळण्याचा सद्गुण नव्हे. आत भुसा आणि वर गणवेश, ही वस्तू ओळखू यावी म्हणून तरी रोगण हवं.

याच्या उलट एच. जी. वेल्स. हा माणूस आमच्या पंथाचा संतच म्हणायचा. 1913 साली त्यानं 'लिटल वॉर्स' नावाचं पुस्तक काढून शिशाच्या शिपायांनी जमिनीवर लढाई कशी खेळावी याचे नियम सांगितले. तोफ ब्रिटन्सचीच, स्प्रिंगची, लाकडी कांडी फेकणारी. वयोमर्यादा त्यानं दीडशे वर्षांपर्यंत वाढवून ठेवलेली. म्हणजे निवृत्तीनंतरही मला वाव आहे. आणि इतकं सगळं खेळून झाल्यावर वेल्सचा निष्कर्ष असा, की जमिनीवरच्या लढाईतसुद्धा आपण इतका घोळ घालतो, तर खऱ्या युद्धात केवढा घालत असू! पुढल्याच वर्षी, 1914 साली, युरोपातल्या सेनापतींनी त्याचा मुद्दा साधार पटवून दिला. ज्याला खेळणं हे खेळणं म्हणून कळतं त्यालाच युद्ध हे युद्ध म्हणून कळतं, असा माझा यावरून सिद्धान्त आहे.

चर्चिलचं उदाहरण मॅटवाले आमच्या तोंडावर फेकतात. त्याच्यापाशी लहानपणी जवळजवळ पंधराशे शिपाई होते. ते खेळूनच तो पुढे युद्धाच्या नादी लागला, असं त्यांचं म्हणणं. पण त्यानं स्वतःच लिहिलेला तपशील हे लोक वाचत नाहीत. त्याचं सैन्य ब्रिटिश. विरुद्ध बाजू धाकट्या भावाची. आणि करार असा, की भावानं फक्त काळे शिपाई ठेवायचे, शिवाय त्यांना तोफखाना नाही! हिंदुस्थानच्या बाबतीत पुढे या गृहस्थाचं जे धोरण राहिलं त्याची रंगीत तालीम अशी खेळायच्या खोलीतच झालेली होती. वडिलांनी एकदा ती सेना पाहून विचारलं, "लष्करात जाशील का?" पोरगा फुशारला, आपल्यातला सेनापती वडिलांनी ओळखला असं त्याला वाटलं. बऱ्याच वर्षांनी त्याला कळलं, की हा वकिली करण्याइतका हुशार नाही, एवढंच वडिलांनी ओळखलं होतं. तेव्हा दोष शिपायांकडे जात नाही, प्रगतिपुस्तकाकडे जातो.

आता आपल्या बाजूचं सांगतो. ब्रिटन्सच्या यादीत आपलीही माणसं होती. पिवळ्या पोशाखातले स्किनर्स हॉर्स होते, बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्री होती, 'फर्स्ट बॉम्बे लान्सर्स' होते. लंडनमधली एक बाई एका हातानं फेट्यावर रंग चढवतेय आणि ज्याला ती रंगवतेय तो कुठल्या गावचा, काय खातो, कोणासाठी भाला धरतो, याचा तिला पत्ता नाही, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. त्यातला एक मुंबईकर घोडेस्वार मला मुंबईच्याच चोरबाजारात मिळाला. परदेशी जाऊन नाव काढून परत आलेला हा पहिला मुंबईकर, ज्याचा सत्कार झाला नाही. भाला गेलेला, घोड्याचा एक कान गेलेला, आणि मान तुटून आत आगपेटीची काडी खोचलेली. पोकळ शिपायाची मान मोडली की काडी खोचून डोकं बसवायचं, ही जगभरच्या पोरांची जुनी शस्त्रक्रिया आहे.

आमच्या सौ.नी तो पुसताना विचारलं, "अहो, याचं डोकं हलतंय."

"हलू दे. तू बोलतेस त्याला मान डोलावतोय. घरात तेवढं एक तरी असू दे."

या काडीवरूनच मला तिसऱ्या शत्रूकडे यायचं आहे. मॅटवाला निदान शिपायावर प्रेम करतो. हा तिसरा मनुष्य फक्त खोक्यावर प्रेम करतो. लाल खोका न उघडलेला, आतला दोरा न सोडलेला, रंगाचा टवका न उडालेला. काडीची मान पाहिली की हा तोंड फिरवतो, म्हणतो, "व्हॅल्यू गेली." अरे बाबा, व्हॅल्यू गेली नाही, ती झाली! कोणीतरी पोरगा शंभर वर्षांपूर्वी या शिपायाशी इतका खेळला की त्याची मान मोडली, आणि इतकी माया होती की त्यानं ती परत बसवली. बंद खोक्यातल्या शिपायाच्या वाट्याला काय आलं? अंधार. मुदत ठेवीला मी नावं ठेवणार नाही, माझ्या पोटावर पाय येईल. पण मुदत ठेवीला मिशा काढून कपाटात उभं करू नये.

आणि निसर्गानंही या कंजुषांना शिक्षा ठेवलेली आहे. ओक लाकडाच्या बंद कपाटात शिशाचे शिपाई कोंडले तर लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफांनी शिसं कुजतं आणि हळूहळू त्याची करडी भुकटी होते. म्हणजे ज्यानं जपून जपून कोंडलं त्याचंच सैन्य राख होतं, आणि ज्यानं उघड्या फळीवर वाऱ्याला ठेवलं त्याचं टिकतं. गीतेवर प्रवचन करणाऱ्यांनी हा दृष्टान्त वापरायला माझी हरकत नाही.

मॅटवाल्यांची एकच गोष्ट मी मान्य करतो : शिसं विषारी आहे, ते लहान पोरांच्या हातात देऊ नये. ब्रिटन्सनी 1966 साली पोकळ शिशाचे शिपाई बंद केले ते उगीच नाही. मग प्लॅस्टिकचं राज्य आलं आणि लोक म्हणाले, संपला चकचकीत शिपाई. पण 1973 साली ब्रिटन्सच धातूकडे परत वळले, आणि त्याच सुमाराला ठिकठिकाणच्या हौशी लोकांनी छोटे कारखाने काढून जुन्या थाटाचे तकतकीत शिपाई पाडायला सुरुवात केली. वेल्समध्ये 'ट्रॉफी' निघालं, न्यूझीलंडमध्ये 'इम्पीरियल' निघालं. ज्यांना मॅट रंग उत्तम देता आला असता त्यांनी जाणूनबुजून रोगणाचा डबा उघडला. हा अडाणीपणा नव्हे, ही निवड आहे.

आणि पोरांच्या हातात द्यायचा शिपाई आपल्याकडे आहेच की! दिवाळीत किल्ल्यावर उभा राहणारा मातीचा मावळा. पुण्याच्या कुंभारवाड्यातून आणलेला, ऑइलपेंटनं असा रंगवलेला की बोटाला चिकटावा. मिशी एका फटकाऱ्याची, डोळे दोन ठिपक्यांचे. लंडनच्या बायकांनी आणि आमच्या कुंभारांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही, पण मिशी एकच. हा मावळा महादरवाज्यापेक्षा दीड फूट उंच असतो, गुहेतला वाघ त्याच्या गुडघ्याला लागतो, बुरुजावर मोहरीचं रान उगवलेलं असतं आणि सिंहासनाशेजारी कोणीतरी ट्रॅफिक पोलीस उभा केलेला असतो. इतकं सगळं चुकीचं असूनही गल्लीतलं कुठलंही पोर तो किल्ला कोणाचा आणि तो मावळा कोणासाठी उभा आहे, हे अचूक सांगतं. वास्तव म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

हल्ली तिथेही मॅटवाले शिरले आहेत. फायबरचा मावळा, अंगावर सावल्या, कपाळावर घाम, किंमत आमच्या शिपायाच्या (हा बँकेतला शिपाई) दिवसाच्या पगाराएवढी. आणि तो आणला की आई पोराला सांगते, "हात लावू नकोस हं, महाग आहे." ज्या शिपायाला हात लावायचा नाही, त्यानं कोणाचा किल्ला राखायचा? मातीचा मावळा मोडतो, त्याची तलवार जाते, पुढल्या वर्षी तो बिनतलवारीचा पहाऱ्याला उभा राहतो. अँडरसननं 1838 साली गोष्ट लिहिली ती धडधाकट चोवीस शिपायांवर नाही. कथील कमी पडलं म्हणून एका पायावर राहिलेल्या पंचविसाव्यावर लिहिली.

तेव्हा माझी मागणी एवढीच. ज्याला युद्ध खरं बघायचं असेल त्यानं युद्धाचा इतिहास वाचावा, पेन्शनीच्या रांगेतल्या जवानाच्या विधवेशी दोन शब्द बोलावं. आमच्या काउंटरवर ती दर महिन्याला येते. तिच्या चेहऱ्यावर कोणाला सावल्या रंगवाव्या लागत नाहीत. आणि ज्याला खेळायचं असेल त्यानं खुशाल खेळावं, मात्र शिपाई लाल असावा, गाल गुलाबी असावेत आणि रोगणात कसूर नसावी. या दोन गोष्टींची सरमिसळ झाली की पहिली स्वस्त होते आणि दुसरी महाग.

"चकाकतं ते सगळं सोनं नसतं," असं मॅटवाले शेवटी मला ऐकवतात. अगदी मान्य. सोन्यावर बँक कर्ज देते. शिशाच्या शिपायावर देत नाही. मी मॅनेजरसाहेबांना रीतसर अर्ज करून विचारलेलं आहे.